ट्रॅक्टर कारखान्याचा संघ तबरीझ शहराचा कसा झाला

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आपल्याकडच्या फुटबॉलच्या बातम्यांत एक नाव अचानक झळकलं: ट्रॅक्टर एफसी. एएफसी चॅम्पियन्स लीग टू या आशियाई स्पर्धेत कोलकात्याच्या मोहन बागानचा २ ऑक्टोबरला इराणमधल्या तबरीझ शहरात या संघाशी सामना होता. पश्चिम आशिया पेटलेला होता, बागानचे खेळाडू जायला तयार नव्हते, आणि सामन्याच्या आदल्या दिवशी इराणने इस्रायलवर क्षेपणास्त्रं डागली. बागान तबरीझला गेलंच नाही. आशियाई महासंघाने त्यांनी स्पर्धेतून माघार घेतल्याचं जाहीर केलं आणि आपल्यापुरता विषय मिटला.

समोरचा संघ कोण, हे मात्र कुणी फारसं सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. इराणच्या राजधानीपासून सहाशे किलोमीटरवरच्या एका कारखान्यातला हा संघ लाखो माणसांचा आवाज कसा झाला, हे कळलं की इराण नावाचा देशही थोडा जास्त कळतो.

आधी शहर. तबरीझ इराणच्या वायव्य कोपऱ्यात, पूर्व अझरबैजान प्रांताची राजधानी. इथे घरात आणि बाजारात बोलली जाते ती फारसी नव्हे, अझेरी तुर्की. उत्तरेला आरस नदी, आणि नदीपलीकडे आजचा स्वतंत्र अझरबैजान देश. तो सगळा मुलूख एके काळी इराणकडे होता. १८१३ आणि १८२८ च्या तहांनी तो रशियाने घेतला. काजार राजवटीत युवराजाची गादी तबरीझला असायची. १९०६ च्या घटनात्मक क्रांतीनंतर शाहने संसद तोफांनी उडवली, तेव्हा सत्तार खान आणि बाघेर खान यांच्या नेतृत्वाखाली महिनोन्‌महिने वेढा सोसून लढलं ते हेच शहर. त्यामुळे तबरीझकरांच्या मनात दोन गोष्टी एकदमच असतात: इराण आम्ही घडवला हा अभिमान, आणि तेहरानने आम्हाला बाजूला सारलं ही सल. ट्रॅक्टरच्या प्रेक्षकांना समजून घ्यायचं तर या दोन्ही लक्षात ठेवायला हव्यात. एकच धरली तर चित्र हमखास चुकतं.

आता कारखाना. १९६० च्या दशकात शाहच्या सरकारने अवजड उद्योग उभारायला घेतले. तबरीझच्या वाट्याला यंत्रं बनवणारा ‘माशीन साझी’ आला आणि रुमानियाच्या मदतीने उभा राहिलेला ट्रॅक्टरचा कारखाना. पुढे मॅसी फर्ग्युसनच्या परवान्यावर तिथे निघालेले ट्रॅक्टर इराणच्या शेताशेतात पोचले. तेव्हाच्या रीतीप्रमाणे प्रत्येक मोठ्या कारखान्याने कामगारांसाठी क्रीडासंघ काढला. माशीन साझीचा फुटबॉल संघ १९६९ चा, ट्रॅक्टर साझीचा १९७० चा. आपल्याकडे महिंद्रा युनायटेड होता, अगदी तशीच ही गोष्ट. मुंबईतली ती कंपनीही ट्रॅक्टरच बनवते. महिंद्राने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकूनही २०१० मध्ये संघ बंद केला. नेमक्या त्याच सुमारास तबरीझचा संघ मात्र कारखान्यापेक्षा मोठा होत होता.

इराणच्या लीगमधल्या संघांची यादी म्हणजे तिथल्या उद्योगांचा नकाशाच आहे. इस्फहानचा सेपाहान पोलादाचा, झोब आहनही पोलादाचा, अहवाझचा फौलाद खुझेस्तान पोलादाचा, आबादानचा सनत नफ्त तेलाचा, रफसंजानचा मेस तांब्याचा, सिरजानचा गोल गोहर लोहखनिजाचा. माझंदरान प्रांतातल्या काएमशहरचा नस्साजी हा कापडगिरणीचा संघ तर २०२३ च्या सप्टेंबरमध्ये पुण्यात बालेवाडीला येऊन मुंबई सिटीला २-० हरवून गेला. यातले बहुतेक उद्योग सरकारी किंवा सरकारच्या मुठीतले. तेहरानचे दोन बलाढ्य संघ, लाल पर्सेपोलिस आणि निळा एस्तेघ्लाल, वर्षानुवर्षं थेट क्रीडा मंत्रालयाच्याच मालकीचे होते. २०२४ मध्ये ते विकले गेले, तेही एक बँकांच्या गटाला आणि दुसरा पेट्रोकेमिकल कंपनीला. म्हणजे इराणमध्ये क्लबचा मालक कोण, हा प्रश्न जवळजवळ नेहमी सत्तेच्या दाराशी जाऊन थांबतो. प्रेक्षकांच्या वर्गणीवर, सभासदांच्या मतावर चालणारा क्लब तिथे रुजलाच नाही.

सुरुवातीची वर्षं भराभर सांगतो, कारण तेव्हा ट्रॅक्टर हा अनेक संघांपैकी एक होता. तख्त-ए-जमशीद चषक ही देशातली पहिली राष्ट्रीय लीग १९७३ मध्ये सुरू झाली; दशकाच्या मध्यात ट्रॅक्टर तिच्यात पोचला. १९७६ च्या हझफी चषकाच्या, म्हणजे बाद पद्धतीच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत तो कॅस्पियन किनाऱ्यावरच्या मलवानकडून हरला. मग १९७९ ची क्रांती, पाठोपाठ इराकशी आठ वर्षांचं युद्ध. राष्ट्रीय लीग मोडली, फुटबॉल शहरांपुरता उरला. ती पुन्हा नीट उभी राहीपर्यंत नव्वदचं दशक उजाडलं. त्या काळातले क्लबचे गाजलेले प्रशिक्षक वासिले गोजा रुमानियाचे होते. कारखान्याचं जुनं नातं अशा रीतीने मैदानावरही टिकलं.

त्याच पिढीतून करीम बाघेरी पुढे आला. तबरीझचा, ट्रॅक्टरमध्ये घडलेला, मैदानाच्या मध्यातून तोफेसारखा फटका मारणारा. १९९८ च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत त्याने एकट्याने १९ गोल केले, त्यातले ७ मालदीवविरुद्ध एकाच सामन्यात. मेलबर्नमध्ये ऑस्ट्रेलियाशी २-२ अशी बरोबरी साधून इराण त्या विश्वचषकाला पात्र ठरला, तेव्हा पहिला गोल बाघेरीचाच होता. पण तोवर तो पर्सेपोलिसमार्गे जर्मनीच्या आर्मिनिया बीलेफेल्ड क्लबात पोचला होता. प्रांतातल्या क्लबांचं हेच रडगाणं होतं: पोरगं घडवायचं आपण, आणि नाव व्हायचं तेहरानचं. २००१ मध्ये व्यावसायिक लीग सुरू झाली आणि पहिल्याच मोसमात ट्रॅक्टर खालच्या विभागात घसरला. वर यायला त्याला २००९ उजाडलं.

खरी गोष्ट इथून पुढे आहे, कारण त्या मधल्या वर्षांत मैदानाबाहेर बरंच काही घडलं होतं. २००६ च्या मे महिन्यात ‘इराण’ या सरकारी वृत्तपत्रात एक व्यंगचित्र छापून आलं. त्यात अझेरी शब्द झुरळाच्या तोंडी घातला होता. तबरीझ, उर्मिया, अर्दबील अशा शहरांत माणसं रस्त्यावर उतरली, दंगली झाल्या, वृत्तपत्र काही काळ बंद ठेवावं लागलं. एका चित्रावरून एवढा भडका का उडाला, असं वाटेल. त्यामागे रोजची टोचणी होती. तुर्की बोलणाऱ्यांना गाढव म्हणणारे विनोद इराणमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत आणि तेहरानच्या स्टेडियममध्ये तीच शिवी हजारोंच्या तोंडून एका सुरात निघायची. शाळेत शिकवण्याची भाषा फक्त फारसी. राज्यघटनेच्या १५ व्या कलमात प्रादेशिक भाषांचं साहित्य शाळेत शिकवायची मुभा आहे, प्रत्यक्षात ती बहुतांशी कागदावरच राहिली. अझेरी समाज काही छोटा नाही; तो इराणमधला सर्वांत मोठा भाषिक अल्पसंख्य समाज, कोट्यवधींचा. सर्वोच्च नेतेपदी अनेक दशकं राहिलेल्या अली खामेनेईंचं घराणंही अझेरी मुळाचं. सत्तेत वाटा आहे, पण भाषेला जागा नाही, असा हा पेच आहे.

अशा वातावरणात २००९ मध्ये फराझ कमालवंद यांच्या प्रशिक्षणाखाली ट्रॅक्टर वरच्या विभागात परतला आणि यादगार-ए-इमाम स्टेडियमची दारं उघडली. सहंद डोंगरावरून लोक त्याला सहंदही म्हणतात. साठ हजारांहून जास्त माणसं मावतील एवढं हे स्टेडियम शहराच्या बाहेर आहे. ते भरलं, आणि पुन्हा पुन्हा भरत राहिलं. पहिल्याच मोसमात ट्रॅक्टरच्या सामन्यांना होणारी गर्दी देशभर चर्चेचा विषय झाली. संघ तेहरानला खेळायला गेला की तिथेही आझादी स्टेडियमचा मोठा भाग ट्रॅक्टरच्या लाल रंगाने भरायचा, कारण रोजगारासाठी राजधानीत गेलेल्या अझेरी कुटुंबांची तिथे अख्खी वस्ती आहे.

सभा घेता येत नाही, संघटना काढता येत नाही, मोर्चाला परवानगी मिळत नाही, अशा देशात पन्नास-साठ हजार माणसं कायदेशीरपणे एकत्र जमून आपल्या भाषेत ओरडू शकतील, अशी जागा स्टेडियमशिवाय दुसरी कुठली? म्हणून तिथल्या घोषणा नुसत्या खेळाच्या राहिल्या नाहीत. अझरबैजानच्या नावाचा जयजयकार होतो. प्रत्येकाला तुर्की भाषेत शाळा मिळाली पाहिजे, ही यमक साधलेली घोषणा तर तिथली नेहमीची. तबरीझच्या पश्चिमेला उर्मिया सरोवर आहे. एके काळी पाच हजार चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेलं हे खारं सरोवर नद्यांवरची धरणं, उपसा आणि दुष्काळ यांनी आटत गेलं, किनाऱ्यावर मिठाचे पांढरे पट्टे उरले. २०११ च्या सुमारास त्यासाठी रस्त्यावर उतरणाऱ्यांना पोलिसांनी उचललं. मग सरोवर वाचवा ही हाक प्रेक्षागृहातून उठली. फुटबॉलच्या सामन्याला पाण्यासाठी घसा फोडणारे प्रेक्षक मला दुसरे आठवत नाहीत, आणि या लोकांबद्दल मला जी ओढ वाटते तिचं हे एक मोठं कारण आहे.

सरकारला यात फुटीरतेचा वास येतो. सीमेपलीकडे त्याच भाषेचा देश असल्यामुळे तो संशय वाढतो. काही प्रेक्षक खरोखरच त्या टोकाला जातात, झेंडे आणि घोषणा मुद्दाम डिवचणाऱ्या असतात. पर्सेपोलिसशी सामना असला की दोन्ही बाजूंनी शिव्या आणि दगड-बाटल्या निघतात, आणि त्याचं समर्थन करता येणार नाही. पण स्टेडियम भरणाऱ्या बहुसंख्य लोकांना देश तोडायचा आहे, असं मानणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. इराणच्या राष्ट्रीय संघात अझेरी खेळाडू नेहमीच राहिले आहेत, अर्दबीलचा अली दाई तर कर्णधार होता. त्यांना हवी आहे ती बरोबरीची वागणूक.

मैदानावर संघ चढत गेला. २०११-१२ मध्ये अमीर घलेनोईंच्या हाताखाली दुसरा क्रमांक, पुढच्या वर्षी पोर्तुगालच्या तोनी ऑलिव्हेरांच्या हाताखाली पुन्हा दुसरा, २०१४ मध्ये हझफी चषक, क्लबचा पहिला मोठा करंडक. आणि मग १५ मे २०१५.

त्या मोसमाचा शेवटचा दिवस. विजेतेपदाच्या शर्यतीत तीन संघ, अंतर फार तर एका गुणाचं. तबरीझमध्ये ट्रॅक्टर विरुद्ध नफ्त तेहरान, त्याच वेळी इस्फहानकडे सेपाहान विरुद्ध साइपा. ट्रॅक्टर जिंकला तर प्रश्नच नव्हता. बरोबरी झाली तर सगळं सेपाहानच्या निकालावर. ट्रॅक्टर ३-१ ने पुढे होता. मग एक खेळाडू लाल कार्ड घेऊन बाहेर गेला, नफ्तने दोन गोल फेडले, ३-३. अशा वेळी कुठलाही संघ जिवाच्या आकांताने चौथ्या गोलसाठी धावला असता. पण स्टेडियममध्ये बातमी पसरली की तिकडे सेपाहानचा सामना २-२ वर अडकलाय. म्हणजे बरोबरी पुरेशी! प्रशिक्षकांपर्यंत आणि खेळाडूंपर्यंतही तेच पोचलं. शेवटची मिनिटं ट्रॅक्टरने चेंडू सांभाळण्यात घालवली. शिट्टी वाजली, हजारो माणसं मैदानात घुसली, खेळाडूंना मिठ्या, अश्रू, नाच. काही मिनिटांनी खरा निकाल कळला. सेपाहान २-० ने जिंकला होता आणि चषक इस्फहानला गेला होता.

स्टेडियम परिसरात मोबाइलचं नेटवर्क चालत नव्हतं, बाहेरचा निकाल पडताळायची सोय नव्हती, असं प्रेक्षकांचं म्हणणं. आपल्याला चुकीची माहिती दिली गेली, असं तोनीही म्हणाले. कुणी मुद्दाम केलं का, याचा पुरावा कधी समोर आला नाही. तबरीझमध्ये मात्र कितीतरी जणांच्या मनात याचं उत्तर ठरलेलं आहे, आणि तसं का, हे वरचा सगळा इतिहास वाचल्यावर सांगायला नको. ज्या माणसांना वर्षानुवर्षं आपल्याला डावललं जातंय असं वाटतं, त्यांच्या बाबतीत खोटा निकाल ही नुसती अफवा राहत नाही.

या काळात संघ होता कुणाचा? कारखान्याचं खासगीकरण झालं तेव्हा तो, आणि त्याच्याबरोबर क्लब, क्रांतिरक्षक दलाशी संबंधित आर्थिक संस्थांच्या हातात गेला होता. हे जरा थांबून समजून घेण्यासारखं आहे. प्रेक्षागृहात बंडाच्या घोषणा, आणि मालकाच्या खुर्चीत सत्तेचा सर्वांत कडवा खांब! याचा एक व्यवहारी फायदाही झाला. इराणमध्ये तरुणांना साधारण दोन वर्षांची सक्तीची लष्करी सेवा करावी लागते. फुटबॉलपटूंना ती लष्कराशी जोडलेल्या क्लबांतून खेळून पुरी करता यायची, आणि ट्रॅक्टर त्या यादीत होता. त्यामुळे इतर क्लबांचे चांगले तरुण खेळाडू इथे ‘सैनिक’ म्हणून आले, पर्सेपोलिसचा फर्शाद अहमदझादे त्यांच्यापैकीच. सेवा संपली की ते माघारी गेले. उसन्या खेळाडूंवर बांधलेला संघ टिकत नाही. पुढे ट्रॅक्टर ढासळला त्यात हेही एक कारण होतं, असं मला वाटतं.

२०१८ मध्ये मोहम्मद रझा झोनूझी या उद्योजकाने क्लब विकत घेतला आणि पैशाचा नळ सोडला. मसूद शोजाई, अश्कान देजागाह असे राष्ट्रीय संघातले खेळाडू आले, आयर्लंडचा अँथनी स्टोक्स आला, वेल्सचे जॉन टोशॅक प्रशिक्षक झाले आणि थोड्याच दिवसांत गेलेही. प्रशिक्षक बदलायची इतकी घाई की संघाला सूर सापडायला वेळच मिळेना. तरीही २०२० मध्ये साकेत इल्हामींच्या संघाने मशहदला झालेल्या अंतिम सामन्यात एस्तेघ्लालला ३-२ हरवून दुसरा हझफी चषक आणला. लीग मात्र हुलकावणी देत राहिली.

ती आली २०२४-२५ मध्ये. प्रशिक्षक होते क्रोएशियाचे द्रागान स्कोचिच. इराणच्या राष्ट्रीय संघाला २०२२ च्या विश्वचषकाची पात्रता मिळवून देणारे हेच, आणि स्पर्धा तोंडावर असताना पदावरून काढले गेलेलेही हेच. तेहरानने दुखावलेल्या शहराला तेहरानने दुखावलेला प्रशिक्षक मिळाला. गोलरक्षक अलीरझा बैरानवंद आणि मेहदी तोराबी थेट पर्सेपोलिसमधून आले. बैरानवंदच्या करारावरून मोठं भांडण झालं. बाघेरीच्या काळी खेळाडू तबरीझहून तेहरानला जायचे, आता वाट उलटी वाहत होती. बचावाची सूत्रं शोजा खलीलझादेकडे, पुढे अमीरहुसेन हुसेनझादे, जो त्या मोसमात लीगमधला सर्वाधिक गोल करणारा ठरला. मोसम संपायच्या आधीच, कझ्वीनमध्ये शम्स अझरला हरवून ट्रॅक्टरने विजेतेपद पक्कं केलं. ५५ वर्षांतलं पहिलं. त्या वेळचे राष्ट्राध्यक्ष मसूद पेझेश्कियान स्वतः अनेक वर्षं तबरीझचे खासदार होते, त्यामुळे अभिनंदन राजधानीतूनही आलं.

व्यावसायिक लीग सुरू झाल्यापासून तेहरान परिसराबाहेर विजेतेपद नेणारा हा चौथा संघ. सेपाहान, फौलाद आणि एस्तेघ्लाल खुझेस्तान हे आधीचे तीन. त्या तिघांच्याही यशात मला आनंद आहे, पण त्यातल्या कुणामागे एवढी माणसं आणि एवढी वाट पाहणं नव्हतं.

तबरीझमधल्या दुसऱ्या कारखान्याच्या संघाचं, माशीन साझीचं, काय झालं तेही सांगितलं पाहिजे. वयाने तो ट्रॅक्टरहून एका वर्षाने मोठा. २०१८ मध्ये त्याला शहरातल्याच गोस्तरेश फौलाद या क्लबची वरच्या विभागातली जागा मिळाली. २०२१ मध्ये तो खाली घसरला आणि पुढे आणखी खाली गेला. सहंदवरची गर्दी त्याच्या वाट्याला कधी आली नाही. आज ट्रॅक्टरचा खर्च मुख्यतः एका माणसाच्या खिशातून चालतो. तो खिसा उद्या मिटला तर क्लब कुणाच्या नावावर जाईल, हे ठरवायचा अधिकार त्या साठ हजार माणसांपैकी कुणालाही नाही.